महिन्याची नवी पाखरं: करमळी की बोंडला?

पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीत महिन्याला नवी नावं चढवायची तर गोव्यात कुठे जावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी असेल तर फार विचार नको, करमळीचं तळं गाठा. उत्तरेतून उतरलेली तलवार बदकं, चिखलात तुतवार, पाणवनस्पतींवर कमळपक्षी. बांधावरून सकाळीच यादी भरू लागते, शिवाय रेल्वे स्टेशन जवळ. पक्षी लांब बसतात, त्यामुळे कुणाचा स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) मिळाला तर सोडू नका. मार्चपासून मात्र पाहुणे परतू लागतात आणि यादीत नवं नाव चढणं मुश्कील.

बोंडला अभयारण्य जेमतेम 8 चौरस किलोमीटरचं, गुरुवारी बंद. इथला मलबारी कर्णा (ट्रोगन) हा पक्षी समोर बसूनही दिसत नाही (मान दुखते ती वेगळीच), म्हणून आधी आवाज ओळखायला शिका. केशरी गळ्याचा बुलबुल, आपला गोव्याचा राज्यपक्षी, जंगलातच भेटणार. डिसेंबरात मी तळं निवडेन, मार्चपासून बोंडला.