भावाच्या नावावर शेतजमीन घेऊ नका : माझे १६ लाख १० हजार गेले

लाज वाटते, तरी लिहितोय. आखातातल्या कोकणी माणसाला गावाहून हा फोन कधी ना कधी येतोच : "तुला एनआरआय म्हणून शेतजमीन घेता येत नाही. आत्ता माझ्या नावावर घेऊ, मागाहून तुझ्या नावावर करू." मी मस्कतला, दादा संगमेश्वर तालुक्यात.

इसार ३,००,०००. खरेदीखताआधी ६,५०,०००. "मालक अडून बसलाय" म्हणून ४,७५,०००. कुंपण आणि बोअरवेलला १,८५,०००. दरमहा घरी पाठवायच्या सवयीने प्रत्येक वेळी हेतूच्या रकान्यात 'कुटुंब खर्च' निवडला. आज बँकेच्या कागदावर हे पैसे घरखर्चाचे आहेत. तुम्ही ही चूक करू नका.

खटकायला हवं होतं ते त्या पहिल्याच वाक्याला. फेमाप्रमाणे (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) अनिवासी भारतीयाला शेतजमीन, फळबाग किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, आणि बक्षीसपत्रानेही मिळत नाही. वारशाने येते तेवढीच. मग 'मागाहून तुझ्या नावावर' होणार कशी? हा प्रश्न मी चौदा महिने विचारला नाही. (बिनशेती प्लॉट घेता येतो, तोही स्वतःच्या नावावर. तोच घ्या.)

सातबाऱ्याचा फोटो त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला होता. गट क्रमांक स्पष्ट, भोगवटादारात त्याचं नाव, पण उजवीकडचा 'कुळ, खंड व इतर अधिकार' रकाना कापलेला. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. तो काढला तेव्हा त्या रकान्यात पतसंस्थेचा ५ लाखांचा बोजा दिसला. फोटोवर विश्वास ठेवूच नका.

मला कोणी मूर्ख म्हणू नये. बाबांनंतर घर दादानेच ओढलं. सख्ख्या भावाकडे पावती मागायची आपल्याकडे रीत नाही.

पोलीस ठाण्याने तक्रार वाचलीसुद्धा नाही. "घरगुती भांडण आहे, दिवाणी कोर्टात जा." ऑनलाइन तक्रार केली, तर नव्या फौजदारी कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) तीन दिवसांत येऊन सही करायची! मस्कतहून तीन दिवसांत? रजा कोण देणार? दूतावास म्हणाला, जमिनीचा विषय आमचा नाही. तलाठी म्हणाले, फेरफार रीतसर मंजूर आहे. रीतसरच आहे हो, चोरीच रीतसर झालीय! माणूस परदेशात आहे म्हणजे त्याला वाली नाही, हेच प्रत्येक टेबलावर ऐकलं.

वकिलांनी सांगितलं ते सगळ्यांत वाईट. बेनामी कायद्याच्या (आपल्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता घ्यायला बंदी करणारा कायदा) कलम ४ मुळे 'पैसे माझे, म्हणून जमीन माझी' असा दावाच चालत नाही. भावाच्या नावाला सवलत आहे, पण कागदावर दोघांची नावं सहमालक म्हणून हवीत. शेतजमिनीत माझं नाव लागणारच नव्हतं. वर बेनामी ठरलं तर जमीन सरकारजमा.

उरतो तो पैसे परत मागायचा दावा, आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षं. "तुझ्या जमिनीचे साडेसहा लाख जमा झाले" हा दादाचा मेसेज आहे, त्याच्या प्रिंट काढून वकिलांकडे दिल्यात. तुमचे असे मेसेज असतील तर आजच बॅकअप घ्या. फोन बदलताना माझे पहिल्या तीन लाखांचे गेले.