हब कटर चांगला, डबा मात्र हट्टी
वापरलेल्या सुया जाळायचं विजेवरचं यंत्र लाइट गेली की नुसतं शोभेला. म्हणून दवाखान्यासाठी हा हाताने दाबायचा हब कटर घेतला. सिरिंजची मान आत सरकवून दांडा दाबला की कट्! सुई खालच्या पांढऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत. सुईला टोपण परत लावायची भानगडच नाही, बोटं वाचतात. शिवाय तोंडच कापलं गेल्यावर ती सिरिंज कुणी पुन्हा वापरणार कशी? हे मला सगळ्यात पटलं. इन्सुलिनची सिरिंज मात्र नीट बसत नाही. पाऊण भरलेला डबा फिरवून काढताना आमच्या मावशींचा घाम निघतो. रक्ताने माखलेला कापूस-पट्ट्यांसारखा कचरा नियमाने ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण कचरा नेणारी गाडी येते तिच्या मर्जीने, त्याला कटर काय करणार! घ्यायचाच असेल तर सुटं पातं मिळतं का, ते आधी विचारा.