समारंभाचा पोशाख भाड्याने घेताना: एका सेवेचे परीक्षण

समारंभाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानांच्या जाहिरातींत सगळा भर नक्षीकामावर, रंगांवर आणि संग्रह किती मोठा आहे यावर असतो. अशा सेवेचा खरा कस मात्र दुकानाच्या मागच्या खोलीत लागतो, जिथे शिलाई मशीन असते, इस्त्रीचे टेबल असते आणि आधीच्या गिऱ्हाइकाकडून परत आलेला कपडा उजेडात धरून तपासला जातो. घरातल्या लग्नासाठी मी अलीकडेच अशा एका दुकानातून स्वतःसाठी जरीकाम केलेला पायघोळ पोशाख आणि धाकट्या भावासाठी काळा कोट व पँट घेतली. त्या सेवेविषयी लिहिताना कपड्यांच्या देखणेपणाबद्दल थोडे आणि माप, शिलाई, धुलाई व अनामत रक्कम यांबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण देखणे कपडे आता बहुतेक दुकानांत मिळतात.

भाड्याने घ्यावे कोणते कपडे, याबाबत माझे मत ठाम आहे. जे वस्त्र जड, नाजूक आणि विशिष्ट प्रसंगापुरतेच आहे, ते विकत घेऊन कपाटात ठेवणे हा त्या वस्त्रावरही अन्यायच असतो. चांदीची तार दमट हवेत काळवंडते, रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले की त्या घडीवर चिरत जाते आणि मखमलीची लव दबली की ती पूर्वीसारखी उभी राहत नाही. शिवाय माणसाचे अंगमानही बदलते. मोठ्या हौसेने शिवून घेतलेला कोट पुढच्या लग्नात घालायला काढावा, तर त्याची बटणे लागत नाहीत. याउलट साधा, चांगल्या कापडाचा गडद कोट किंवा एखादे सुबक रेशमी वस्त्र अनेक प्रसंगी चालते. ते भाड्याने घेण्यात काहीच अर्थ नाही.

हा व्यवसाय नवा नाही. लंडनमध्ये १८५१ साली सुरू झालेल्या ‘मॉस ब्रदर्स’ या कपड्यांच्या पेढीने १८९७ च्या सुमारास समारंभाचे सूट भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि पुढे तीच तिची मोठी ओळख बनली. २००९ साली जेनिफर हायमन आणि जेनिफर फ्लाइस यांनी अमेरिकेत ‘रेंट द रनवे’ ही कंपनी काढून नामांकित रचनाकारांचे पोशाख घरपोच भाड्याने देणे सुरू केले. त्या कंपनीची एक पद्धत मला फार बोलकी वाटते: मागवलेल्या पोशाखाबरोबर त्याच पोशाखाचे दुसरे मापही जादा पैसे न घेता पाठवले जाई. कपडा पडद्यावर पाहून पसंत करता येतो, अंगावर बसेल की नाही हे तिथे कळत नाही, ही या धंद्याची जुनीच अडचण त्यांनी सरळ मान्य करून तिच्यावर तोड काढली होती.

मी ज्या दुकानाबद्दल लिहीत आहे, त्याची सर्वांत जमेची बाजू माप हीच आहे. तिथल्या कारागिराने टेप लावण्याआधी भावाला कोट घालून खुर्चीवर बसायला, मग दोन्ही हात पुढे पसरायला आणि शेवटी वाकून बुटाच्या नाडीला हात लावायला सांगितले. उभ्या माणसाला आरशात छान बसलेला कोट जेवायला बसल्यावर पाठीत ताणतो आणि मिठी मारताना काखेत काचतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. त्याने सर्वांत आधी खांदा पाहिला. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपत होती, तेव्हाच तो पुढे गेला. बाहीची लांबी, पँटची उंची, कंबर या गोष्टी तासाभरात बदलता येतात. खांदा बदलायचा तर बाही पूर्ण उसवून कॉलरपर्यंत जावे लागते आणि भाड्याच्या कपड्यावर एवढा खटाटोप कोणी करत नाही. म्हणून खांद्यात ढगळ असलेला कोट कितीही आवडला तरी तो सोडून द्यावा, असे त्याने स्पष्ट सांगितले. पहिला, भावाला अतिशय आवडलेला राखाडी कोट त्याने याच कारणाने परत टांगून ठेवला. गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून ‘चालेल, चालेल’ म्हणणारे दुकानदार मी पाहिले आहेत, त्यामुळे या प्रामाणिकपणाची किंमत मला मोठी वाटते.

माझा पोशाख त्याने उलटा करून दाखवला, तो प्रकार पाहण्यासारखा होता. विकायच्या तयार कपड्यांत शिवणीच्या आत जेमतेम एक-दीड सेंटीमीटर कापड सोडलेले असते. इथे दोन्ही बाजूंच्या शिवणींत चांगली चार बोटे माया ठेवलेली होती, आणि त्या मायेवर एकापाठोपाठ एक अशा जुन्या टाक्यांच्या रेघा दिसत होत्या. आधी ज्यांनी ज्यांनी तो पोशाख घातला, त्यांच्यासाठी तो कधी सैल, कधी घट्ट केलेला होता. कारागिराने अंगठ्याने शिवण दाबून दाखवत सांगितले की अशा कामाला तो मोठा, सैल टाका घालतो, कारण बारीक टाका उसवताना कापड फाटते. साटीन आणि रेशमावर सुईची भोके कायम राहतात. म्हणून पूर्वी घट्ट केलेला पोशाख आता सैल करायचा असेल, तर जुन्या शिवणीची ठिपक्यांची रेघ बाहेरच्या बाजूला येते का, हे घेणाऱ्याने आवर्जून पाहावे. माझ्या पोशाखात ती रेघ डाव्या बाजूला किंचित दिसत होती. जरीच्या किनारीने ती झाकली गेली, पण एकरंगी साटीन असते तर मी तो पोशाख घेतला नसता.

मापांच्याच बाबतीत या दुकानाविषयी माझी सर्वांत मोठी तक्रारही आहे. मध्यम मापांच्या गिऱ्हाइकापुढे भरगच्च रांगा उभ्या राहतात, मोठ्या मापाच्या व्यक्तीला मात्र एका कोपऱ्यातले मोजके पोशाख दाखवले जातात, तेही बहुतेक गडद रंगाचे आणि ढगळ घाटाचे. माझ्याबरोबर आलेल्या मावशींना जो पोशाख आवडला, तो त्यांच्या मापात नव्हताच, आणि ‘तुमच्यात हेच आहेत’ असे ऐकून घ्यावे लागले. खूप उंच किंवा अगदी बुटक्या माणसांचीही हीच अडचण होते. भाडे सर्वांना सारखे लावणाऱ्या दुकानाने निवडही सर्वांना सारखी द्यायला हवी. भरपूर माया ठेवून शिवलेला पोशाख अनेक मापांना बसू शकतो, हे ज्या दुकानाच्या कारागिराला माहीत आहे, त्या दुकानाच्या मालकाने मोठी मापे शिवून घेण्यात हात आखडता का घ्यावा, हे मला पटलेले नाही.

धुलाईकडे गिऱ्हाईक सहसा वास घेण्यापलीकडे लक्ष देत नाही, आणि वास तर अत्तर मारूनही लपवता येतो. ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी द्रावक वापरतात. त्याने तेलकट डाग सहज निघतात, पण घाम, सरबत यांसारखे पाण्यात विरघळणारे डाग आधी हाताने काढावे लागतात. ते काम घाईत राहून गेले की डाग धुलाईनंतरही तसाच राहतो आणि इस्त्रीच्या उष्णतेने पक्का होतो. म्हणून कपडा हाती आला की कॉलरची आतली बाजू, काखेतले अस्तर आणि कमरेची पट्टी उलटून पाहावी. या दुकानातल्या कोटाचे काखेतले अस्तर वेगळे जोडलेले, काढून बदलता येणारे होते. ही साधी सोय इतर दुकानांनी घेण्यासारखी आहे. टिकल्यांच्या कामाबाबत मात्र ते कमी पडतात. काही प्रकारच्या प्लॅस्टिकच्या टिकल्या द्रावकाने निस्तेज होतात किंवा मुरडतात, आणि माझ्या पोशाखाच्या गळ्यापाशी अशा कोमेजलेल्या टिकल्यांची एक ओळ होती. विचारल्यावर ती बदलून मिळाली, पण ती आधीच त्यांच्या नजरेस यायला हवी होती.

ड्रायक्लीनिंगमध्ये बराच काळ वापरात असलेले पर्क्लोरोएथिलीन हे द्रावक जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसांत कर्करोगाला बहुधा कारणीभूत होणाऱ्या पदार्थांत धरले आहे, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. मोठा धोका धुलाईच्या ठिकाणी रोज काम करणाऱ्यांना असतो. तरीही कपड्याला गोडसर, रसायनासारखा वास येत असेल, तर पिशवीतून काढून तो हवेशीर जागी टांगून ठेवावा आणि मगच घालावा. दुकानात कोणते द्रावक वापरतात, असे मी विचारले तेव्हा मालकांनी न चिडता उत्तर दिले आणि काही कपड्यांसाठी पाण्यावर चालणारी सौम्य धुलाई वापरत असल्याचे सांगितले. असा प्रश्न विचारणारी गिऱ्हाइके वाढली, तरच हे बदल लवकर होतील.

आता पैशांच्या व्यवहाराविषयी. भाड्याइतकीच महत्त्वाची असते ती अनामत रक्कम आणि ती परत देण्याची रीत. इथे पावतीवर भाडे, अनामत, परतीची तारीख आणि उशिराचा दंड हे सर्व छापलेले होते. ‘नुकसान झाल्यास भरपाई घेतली जाईल’ एवढे एकच वाक्य मात्र भलतेच मोघम होते. सुटलेला एक मणी, उसवलेली किनार आणि न निघणारा डाग ही तिन्ही नुकसानेच आहेत, पण त्यांची किंमत एक नव्हे. पोशाख परत करताना नेमका यावरूनच वाद झाला. बाहीवरचे दोन मोती नाहीत, असे काउंटरवरच्या मुलीने दाखवून अनामतीतून रक्कम कापायला घेतली. पोशाख नेताना मी तिच्यासमोरच बाह्यांचे फोटो काढून घेतले होते आणि त्यांत त्या जागा रिकाम्याच दिसत होत्या, म्हणून रक्कम पूर्ण परत मिळाली. तिने नीट माफीही मागितली. तरी फोटो नसते तर माझ्या शब्दाला काय आधार होता? दुकानाने देताना आणि घेताना दोघांच्या सहीचा एक तपशीलवार कागद ठेवला, तर नोकरांनाही ओशाळे व्हावे लागणार नाही.

कपडा तुमच्या आधी कोणाकडे आहे आणि तो कधी परत येणार आहे, हे नोंदणीच्या वेळी विचारावेच. लग्नसराईत एकच पोशाख पाठोपाठच्या दिवशी दोघांना कबूल केला जातो, आणि पहिल्याने उशीर केला की धुलाई, दुरुस्ती, इस्त्री सगळेच उरकून टाकले जाते. हे दुकान दोन नोंदींमध्ये धुलाईपुरते दिवस मोकळे ठेवते आणि वही उघडून दाखवते. शिवाय प्रसंगाच्या दोन दिवस आधी शेवटची ट्रायल ठेवते, त्यामुळे काही कमी-जास्त झाले तरी हाताशी वेळ उरतो.

भाड्याचे कपडे पर्यावरणाला हितकारक असतात, असे ही दुकाने हल्ली मोठ्या अक्षरांत लिहितात. ते इतके सरळ नाही. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०२१ साली जीन्सच्या एका जोडीच्या वापराचे आणि विल्हेवाटीचे पाच मार्ग ताडून पाहिले, तेव्हा नेण्या-आणण्यासाठी गाडीच्या फेऱ्या होत असतील, तर भाड्याचा मार्ग तापमानवाढीला सर्वांत जास्त हातभार लावणारा ठरला. आहे तोच कपडा जास्त काळ वापरणे हा मार्ग सर्वांत चांगला निघाला. जीन्स रोजची आणि समारंभाचा पोशाख क्वचितचा, त्यामुळे तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण घरात धड पोशाख असताना केवळ ‘त्या फोटोत हाच होता’ म्हणून दुसरा भाड्याने आणणे, मग तो गाडीतून आणणे-पोहोचवणे आणि पुन्हा द्रावकात धुणे, याला निसर्गाची काळजी म्हणता येत नाही. दुकानापर्यंत पायी किंवा बसने जाता येत असेल आणि नेण्या-परतीच्या फेऱ्या घरातल्या सर्वांच्या कपड्यांसाठी एकत्र करता येत असतील, तर हिशेब नक्कीच बरा होतो.

या दुकानाकडे मी पुन्हा जाईन, ते त्या कारागिरासाठी. कोट, जड जरीकाम आणि मखमल यांसाठी ते निःसंशय चांगले आहे. टिकल्यांचे काम, एकरंगी साटीन आणि मोठी मापे यांसाठी मी आधी दुसरीकडे चौकशी करेन. ते भाड्याने बूटही देतात, पण ते मी कोणालाही सुचवणार नाही. बुटाचा तळ आधीच्या माणसाच्या पावलाप्रमाणे दबलेला असतो, त्यावर कोणत्याच कारागिराला काही करता येत नाही, आणि समारंभात उभे राहायचे असते ते तासन्‌तास. नोंदणी करताना शिलाईतले बदल भाड्यात धरलेले आहेत की वेगळे, हे लिहून घ्यावे. माझ्याकडून त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत, पण पावतीवर तसा उल्लेख कुठेही नव्हता.