विद्यापीठांच्या सामायिक क्लस्टरवर वर्षभर काम केल्यानंतरचा अनुभव

आमचा गट कोल्हापुरात सुपरकपॅसिटरसाठी (झटपट भारित होणाऱ्या ऊर्जासाठवणुकीच्या घटकासाठी) लागणाऱ्या धातू-ऑक्साइडच्या पातळ थरांवर काम करतो. थर तयार करून तपासण्याची इथली परंपरा जुनी आहे, पण त्या थरात इलेक्ट्रॉन कसे वागतात हे गणनेने पडताळायचे, तर विभागातले एकटे वर्कस्टेशन पुरत नाही. या क्वांटम गणनांचा वेळ इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे अणू दुप्पट केले की वेळ जवळजवळ आठपट होतो. निकेल ऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची एक जागा रिकामी ठेवून पाहायची, तर शंभराच्या आसपास अणू घ्यावे लागतात आणि तिथे वर्कस्टेशन हात टेकते. म्हणून विद्यापीठांच्या समूहाने सामायिक क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचा संच, खुला केला, तेव्हा आम्ही लगेच खाते घेतले.

वेगाबद्दल तक्रार नाही. वर्षभराचा खरा अनुभव आहे तो रांगेचा. इथे स्लर्म हा शेड्युलर, म्हणजे कोणाचे काम कधी चालवायचे ते ठरवणारा प्रोग्राम, चालतो. जॉब, म्हणजे पाठवलेले काम, अडकला की कारणाच्या रकान्यात ‘प्रायॉरिटी’ किंवा ‘रिसोर्सेस’ एवढाच शब्द दिसतो आणि नवा विद्यार्थी हवालदिल होतो. वास्तविक शेड्युलर मोठ्या जॉबसाठी नोड (क्लस्टरमधले संगणक) राखून ठेवताना मधल्या रिकाम्या वेळात लहान जॉब बसवत असतो; पण मोकळा वेळ सहा तासांचा असेल आणि आपण खबरदारी म्हणून ७२ तास मागितले असतील, तर आपला जॉब तिथे बसूच शकत नाही. आम्ही वापरतो त्या क्वांटम एस्प्रेसो या गणनेच्या प्रोग्राममध्ये कमाल सेकंदांची मर्यादा मागितलेल्या वेळेपेक्षा थोडी कमी ठेवली, की गणना आपली स्थिती लिहून व्यवस्थित थांबते आणि पुढच्या जॉबमध्ये तिथूनच सुरू करता येते. आमचे विद्यार्थी आता याच पद्धतीने सहा-सहा तासांचे तुकडे पाठवतात आणि काम बरेच लवकर हाती येते.

ज्या गटाने अलीकडच्या काळात जास्त वापर केला त्याचा अग्रक्रम खाली जातो, ही वाटपाची पद्धत मला मनापासून पटते. मोठ्या शहरातल्या मोठ्या गटांपुढे कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या चार-पाच जणांच्या गटाला तिच्यामुळेच न्याय मिळतो. पावसाळ्यात आमच्या विभागाची वीज वारंवार जाते, तरी यंत्र दुसऱ्या शहरात असल्याने जॉब चालू राहतात, हेही कमी नाही.

उणीव आहे ती साठवणुकीची आणि मनुष्यबळाची. स्क्रॅच या तात्पुरत्या साठवणुकीतल्या जुन्या फाइली मुदतीनंतर आपोआप पुसल्या जातात. तो नियम आवश्यकच आहे, मात्र आधी सूचना येत नाही. इलेक्ट्रॉनांचे वर्णन करणाऱ्या तरंगफलनांच्या फाइली अवाढव्य असतात, त्यामुळे आम्ही फक्त इलेक्ट्रॉन घनता आणि निविष्टी (इनपुट) फाइली कोल्हापूरला आणून ठेवतो. मदतीच्या ईमेलला उत्तर देणारी माणसे तळमळीची आहेत, पण मोजकीच आहेत.

पुढच्या वर्षी जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) असलेले नोड घेण्याचा समूहाचा विचार आहे. त्याचे स्वागतच आहे, परंतु आमच्या गणनांना दुहेरी अचूकता (३२ ऐवजी ६४ बिटांची आकडेमोड) लागते, आणि चित्रांकनासाठी बनवलेल्या अनेक कार्डांवर दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या १/६४ इतकाच असतो. रेण्वीय गतिकी, म्हणजे रेणूंच्या हालचालींची गणना, करणाऱ्या जीवरसायनशास्त्राच्या गटांना तशी कार्डे चालतील, आम्हाला चालणार नाहीत. खरेदीच्या निविदेत दुहेरी अचूकतेचा आकडा स्वतंत्रपणे मागावा, असे आम्ही लेखी कळवले आहे.

दुसरी अपेक्षा प्रशिक्षणाची आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेला परम ब्रह्म हे महासंगणक यंत्र आले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र मालिकेतली यंत्रे पुणे, दिल्ली व कोलकाता इथे कार्यान्वित झाली. अशा यंत्रांवर वेळ मागायचा, तर आपला कोड किती कोअरपर्यंत (प्रोसेसरमधल्या गणना-एककांपर्यंत) फायद्याने चालतो याची मोजणी हाताशी हवी. ती मोजणी करायला आमचा क्लस्टर अगदी योग्य आकाराचा आहे. त्यासाठी चार नोडांची एक छोटी, अर्ध्या तासाच्या मर्यादेची रांग वेगळी ठेवली, तर आमच्यासारख्या गटांचे अर्ज पुढच्या फेरीतच तयार होऊ शकतील.