व्हॅक्युम मॅनिफोल्डमधून मारायचा की पिन काढून थेट?

एसीची तांब्याची लाईन जोडली, गळती बघायला भरलेला नायट्रोजन टिकला, फ्लेअर नट (पाईपच्या जोडावरचे) फेस लावून बघून झाले, आता आतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्युम पंप जोडायचा. तो नेहमीच्या मॅनिफोल्डच्या (काटे, वॉल्व आणि लाल-निळे होज असलेला सेट) बारीक होजमधून जोडायचा, की सर्विस पोर्टमधली (गॅस भरायच्या तोंडातली) पिन टूलने काढून जाड होज सरळ पंपाला आणि मायक्रॉन गेज (खोल व्हॅक्युम मोजणारा मीटर) वेगळा? मी बरीच वर्षं पहिलंच करत आलो, आता दुसरं करतो, पण पहिल्याला अगदीच टाकाऊ म्हणणार नाही.

नायट्रोजनला मात्र मॅनिफोल्डच. आर-४१०ए गॅसची लाईन ६०० पीएसआयच्या आसपास भरून २४ तास ठेवायची (मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच खरा), आणि सकाळी काटा उतरलेला दिसला की लगेच लीक लीक करत धावायचं नाही. ३५ अंशाला भरलेलं २५ अंशाला वीसेक पीएसआय आपोआप उतरतं. मी भरतानाचं प्रेशर आणि तापमान दोन्ही पाईपच्या टेपवर मार्करने लिहून ठेवतो.

तर मॅनिफोल्ड. तो सगळ्यांकडे असतो, व्हॅक्युम झाला की त्याच होजने गॅस सोडता येतो, काढाघालीची भानगड नाही. चार-पाच मीटरच्या स्प्लिटला पंप धड असेल तर काम होतं.

त्याचा काटा मात्र भोळा आहे. थोड्या वेळात -३० ला (इंच पारा) जाऊन टेकतो आणि मग हलतच नाही, आपल्याला वाटतं झालं. आता त्या डायलवर एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग, आकडा जितका कमी तितका व्हॅक्युम खोल) आणि आपल्याला बघायचेत ५००, ते त्याला दिसणार कुठून? २५ अंशाला पाणी उकळायला लागतं तेच साधारण २३,८०० मायक्रॉनला, म्हणजे काटा तळाला टेकल्यासारखा दिसतो तेव्हा आतलं पाणी कुठे वाफ व्हायला लागलेलं असतं. आणि ते कॉम्प्रेसरच्या पीओई तेलात शिरलं की पंप कितीही चालवा, सहजी बाहेर येत नाही.

मग मी मायक्रॉन गेज घेतला आणि तो मॅनिफोल्डलाच लावला, अर्धवट शहाणपण. एका लांब लाईनवर, चार इनडोअरची होती, रीडिंग ४५० ला आलं, वॉल्व बंद केला, पंप बंद केला आणि बघत बसलो. ९०० झालं, १४०० झालं, पुढे चालूच. ओल असती तर चढून कुठेतरी थांबलं असतं, हे थांबेना, म्हणजे लीक. मग काय, झाकलेलं इन्सुलेशन परत सोललं, परत नायट्रोजन, परत फेस, शिडीवर वर-खाली, एका जॉइंटला बुडबुडा नाही. संध्याकाळ गेली. शेवटी निळ्या होजच्या टोकातला रबरी वॉशर नखाने दाबून बघितला तर त्याला चंद्रकोरीएवढी चीर! नायट्रोजन लाल होजने भरलेला, त्यामुळे ती तेव्हा कळलीच नाही. पाईप बिचारा निर्दोष होता.

माझं मत त्या वॉशरने फिरवलं. पिन काढायच्या टूलला स्वतःचा बॉल वॉल्व असतो, तो बंद केला की पंप, होज, वॉशर सगळं बाहेर, आत फक्त लाईन आणि दुसऱ्या पोर्टला लावलेला गेज. मग रीडिंग चढलं तर संशयाला जागा फार थोडी उरते. वेगाचा फायदा आहेच, होजचा व्यास दुप्पट झाला की वाट दुप्पट नाही, आठ ते सोळा पट मोकळी होते, आणि पिनचा अडथळाही गेलेला असतो. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण पूर्वी पंप लावून जेवून यायचो, आता डबा उघडेपर्यंत आकडा बराच खाली आलेला असतो.

याचेही चोचले आहेत म्हणा. पिन तांदळाच्या दाण्यासारखी कुठेही हरवते, खिशात दोन-चार जास्तीच्या हव्यातच. गेजच्या सेन्सरला तेल लागलं की तो वाट्टेल ते दाखवतो, स्पिरिटने धुवावा लागतो. आणि टूलच्या ओ-रिंगही झिजतात, त्यामुळे आधी सगळं जोडून टोक बंद करून नुसत्या टूलवर व्हॅक्युम धरतो का ते बघून घेतो, पाच मिनिटांचं काम.

मॅनिफोल्ड अजून गाडीत आहे, नायट्रोजन आणि चार्जिंगला तोच. तुमची कामं छोट्या स्प्लिटचीच असतील तर कदाचित त्याच्यावरच भागेल, फक्त होजचे वॉशर वेळेवर बदला, आणि पंपाचं बटण बंद करायच्या आधी वॉल्व बंद करा, नाहीतर चेक वॉल्व (उलटा प्रवाह अडवणारा) नसलेल्या पंपाचं तेल उलटं लाईनीत ओढलं जातं.