लायटर सॉकेटचा दहा रुपयांचा फ्यूज आणि माझे ३,२०० रुपये

मागच्या महिन्यात नाशकातच, ते पण घरापासून दहा मिनिटांवर, माझा मस्त पोपट झालाय. बायको आणि मेव्हणा सोडून कोणाला सांगितलं नव्हतं, पण म्हटलं लिहून टाकू, कोणाचे तरी पैसे वाचतील.

गाडी सेकंडहँड घेतलेली. गिअरच्या पुढे लायटरचं सॉकेट असतं ना, त्यावर मोबाईलचा चार्जर आणि टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप एवढाच माझा वापर, सिगरेट कोण पेटवतंय आता त्यावर. त्याचं झाकण आधीच्या मालकानेच तोडलेलं आणि बरोबर त्याच्या वरच्या खणात मी पार्किंगचे सुट्टे पैसे टाकायचो. त्र्यंबकहून येताना चार्जर लावला तर चालूच होईना. दुसरा लावला, तोही नाही.

नाशकातल्या द्वारका चौकाच्या पुढे एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो. माणूस भयंकर गोड. पहिलं काम काय केलं तर चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली, म्हणे साहेब शॉक नको बसायला. १२ व्होल्टचा काय डोंबलाचा शॉक बसणार, पण तेव्हा डोक्यातच आलं नाही. मग टेस्ट लॅम्प (करंट असला की पेटणारा छोटा दिवा) लावून दाखवला, लागला नाही. मग डिकी उघडली, साइडचं एक प्लास्टिकचं झाकण काढलं आणि म्हणाला हे तुमचं दुसरं सॉकेट. चार महिने गाडी चालवतोय, मला माहीतच नव्हतं तिथे एक आहे! माझ्या गाडीचं याला माझ्यापेक्षा जास्त कळतं म्हटल्यावर मी तिथेच पाघळलो. त्यातही लॅम्प लागेना. "दोन्ही डेड आहेत साहेब, म्हणजे मेन वायरिंगच जळालंय."

४,५०० सांगितले, ३,२०० वर आणले, वर मीच खुश. मला चहाला पिटाळलं, आलो तर हातात जळक्या लाल वायरचा बोटभर तुकडा ठेवला आणि सॉकेटपण नवीन टाकलं म्हणाला. चार्जर चालू झालेला, मग काय. बिल मागितलं तर "जीएसटी लागेल, उगाच सहाशे वाढतील."

पंधरा दिवसांनी रविवारी गाडी साफ करताना टू-वे (एका सॉकेटची दोन करणारा जोड) लावून पंप आणि व्हॅक्यूम क्लीनर एकदम चालवले (ही माझी चूक, मान्य) तर प्लास्टिक करपल्याचा वास. मेव्हण्याला बोलावलं, तो अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. स्टिअरिंगखालचा फ्यूज बॉक्स उघडून हसायलाच लागला. झाकणाच्या आत तक्ता असतो, त्यात लायटरला १५ अँपिअर लिहिलेलं आणि बसवलेला होता हिरवा, म्हणजे ३०. निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०, हे रंग ठरलेले असतात. १५ चा असता तर तो उडाला असता आणि विषय संपला असता, ३० चा टाकल्यावर फ्यूज शाबूत आणि वायर तापणार. गाडी पेटायची एखाद्या दिवशी.

मग त्याने टेस्टर डिकीतल्या सॉकेटला लावला. बंद. चावी फिरवली, चालू. अहो बऱ्याच गाड्यांत चावी बंद असली की या सॉकेटला करंटच येत नाही, आणि चावी तेव्हा त्या दुकानदाराच्या खिशात होती! पुढचं सॉकेट बाहेर काढलं तर तेच जुनं, तुटक्या झाकणासकट, मागे कंपनीची टेप जशीच्या तशी. आणि त्याला लाल वायर अख्ख्या गठ्ठ्यात नाही.

मुळात उडालेला फक्त फ्यूज. दहा रुपयांना मिळतो. तुमचं बंद पडलं तर चावी ऑन करून बघा, टॉर्च मारून आत बघा, मग फ्यूज. आत काही पडलं असेल तर चावी बंद करून लाकडी काडीने काढा, स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, कारण मधली पिन पॉझिटिव्ह आणि बाजूची भिंत अर्थिंग, दोन्ही टेकले की शॉर्ट.

दुकानात परत गेलो तर "तुम्ही बाहेर उघडली ना गाडी, आता आमची गॅरंटी नाही." बिल नाही, भांडणार कशावर. तासभर डोकं लावलं तेव्हा ५०० सुटले.

घरी येऊन तो खण रिकामा केला. सुट्ट्यांत एक रुपयाचं नाणं निघालं, कड काळी पडलेली, एका जागी वितळल्यासारखी. सॉकेटमधून काढून त्यानेच परत ठेवलेलं. रुपया मात्र नाही मारला हां पठ्ठ्याने.