आत्ता घ्यावा, की झेन ६ आणि नोव्हा लेकसाठी थांबावं?

नगरला माझा मावसभाऊ लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. परवा त्याचा फोन आला. "दादा, इंटेलचा ५२ कोरवाला येतोय म्हणे दिवाळीत. थांबू का?" तो म्हणत होता नोव्हा लेकबद्दल, म्हणजे इंटेलच्या येऊ घातलेल्या प्रोसेसरबद्दल. झेन ६ हा स्पर्धक एएमडीचा, आणि कोर म्हणजे प्रोसेसरमधली काम करणारी एककं. त्याच्या टेबलावर २०१७ चा आय७-७७०० प्रोसेसर आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही. त्यातून नव्या कॅमेऱ्याचं फुटेज. टाइमलाइनवर प्ले केलं की मंगलाष्टकांचा आवाज पुढे जातो आणि चित्र अंतरपाटावरच अडकतं. त्याच आठवड्यात पुण्याच्या भाच्यानेही हाच प्रश्न विचारला. त्याला गेमिंगसाठी नवा पीसी जुळवायचाय. दोघांना मी वेगवेगळी उत्तरं दिली. ती का दिली, ते सविस्तर लिहितो, कारण आज, फेब्रुवारी २०२६ मध्ये, अनेक जण याच पेचात आहेत.

पक्कं काय, बोलणं काय

इंटेलने नोव्हा लेक २०२६ च्या अखेरीस येईल असं स्वतः सांगितलंय, तेही गुंतवणूकदारांपुढे. तिथे दिलेल्या शब्दाला वजन असतं, त्यामुळे हे मी पक्क्यात धरतो. ५२ कोर, १९५४ पिनांचं नवं सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) आणि एएमडीच्या एक्स३डीला, म्हणजे जास्त कॅशवाल्या गेमिंग प्रोसेसरांना, उत्तर म्हणून भलीमोठी कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) या गोष्टी मात्र अजून चर्चेतल्या आहेत.

एएमडीकडे चित्र उलटं आहे. झेन ६ टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या २ नॅनोमीटर प्रक्रियेवर आहे आणि त्यावरचा व्हेनिस हा सर्व्हर प्रोसेसर २०२६ मध्ये येतोय, हे जाहीर आहे. डेस्कटॉपच्या झेन ६ ची तारीख एएमडीने अजून दिलेली नाही. जानेवारीत लास वेगासच्या सीईएस या तंत्रज्ञान मेळ्यात डेस्कटॉपसाठी आला तो रायझन ७ ९८५०एक्स३डी, म्हणजे ९८००एक्स३डीचाच बूस्ट (कमाल वेग) ५.२ वरून ५.६ गिगाहर्ट्झवर नेलेला भाऊ. एका चिपलेटमध्ये (प्रोसेसरमधल्या चिपच्या एका तुकड्यात) ८ ऐवजी १२ कोर, म्हणजे वरच्या मॉडेलला २४ कोर, ही झेन ६ बद्दलची बातमी जोरात आहे. मला ती पटतेही. पण अधिकृत नाही.

बातमी कुठून आली यावर तिचा भरवसा ठरतो. कंपनीचे इंजिनिअर जीसीसीसारख्या कंपायलरमध्ये (प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नव्या प्रोसेसरच्या नावाने कोड टाकतात. तो सगळ्यांना दिसतो आणि खोटा असण्याचं कारण नसतं. झेन ६ आणि नोव्हा लेक दोघांचीही नावं तिथे आलेली आहेत. दुसरा स्रोत म्हणजे मालवाहतुकीच्या नोंदी. यात आपल्या देशाचा वाटा आहे: चाचणीचे बोर्ड आणि चिप बंगळुरू-हैदराबादच्या केंद्रांत येतात, त्यांच्या कस्टम्सच्या नोंदी उघड होतात, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी झौबा या भारतीय संकेतस्थळावरून जगभरचे लोक येणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचा माग काढत असत. अशा नोंदीवरून वस्तू आहे एवढं कळतं, ती दुकानात कधी लागेल ते कळत नाही. कुणा यूट्यूबरने छातीठोकपणे सांगितलेला महिना मी सगळ्यात शेवटी धरतो. अहो, कंपनीने सांगितलेली तारीखही हलते. रायझन ९००० (झेन ५) साठी ३१ जुलै २०२४ ही तारीख एएमडीनेच दिली होती. माल दुकानांकडे रवाना झाल्यावर दर्जाच्या तपासणीसाठी तो परत मागवला आणि विक्री ८ व १५ ऑगस्टला सुरू झाली.

कॅलेंडर मांडून बघू

अफवांपेक्षा जुन्या तारखा जास्त बोलतात. इंटेलची बारावी पिढी ४ नोव्हेंबर २०२१ ला आली, तेरावी २० ऑक्टोबर २०२२ ला, चौदावी १७ ऑक्टोबर २०२३ ला आणि अ‍ॅरो लेक, म्हणजे कोअर अल्ट्रा २००एस, २४ ऑक्टोबर २०२४ ला. चारही वेळा दसरा-दिवाळीच्या सुमारास. नोव्हा लेकला 'वर्षाअखेर' म्हटलंय, म्हणजे मावसभावाची दिवाळी फार चुकीची नाही. पण त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काय येतं? फक्त 'के' वाले (वेग वाढवता येणारे) महाग प्रोसेसर आणि झेड मालिकेचे महाग मदरबोर्ड. साधे प्रोसेसर, जे आपल्यातले बहुतेक घेतात, ते चारही वेळा पुढच्या जानेवारीत आले. बी मालिकेचे नवे बोर्डही तेव्हाच, फक्त चौदाव्या पिढीला आधीचेच चालले. हाच क्रम राहिला, तर मध्यम बजेटवाल्यासाठी नोव्हा लेक ही २०२७ ची गोष्ट आहे. सीईएसनंतर माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्थिर भावात मिळायला लागेपर्यंत अजून काही आठवडे धरा.

एएमडीचं अंतर मोजलं तर गंमत दिसते. झेन ३ नोव्हेंबर २०२० मध्ये, झेन ४ सप्टेंबर २०२२ मध्ये, झेन ५ ऑगस्ट २०२४ मध्ये. दोन्ही वेळा बावीस महिन्यांच्या आसपास. तेच गणित लावलं तर जून २०२६ येतं, आणि त्यावरूनच 'झेन ६ उन्हाळ्यात' अशी भाकितं निघतात. मला ती पटत नाहीत. झेन ४ ची पहिली झलक जानेवारी २०२२ च्या सीईएसमध्ये दिसली आणि विक्री सप्टेंबरअखेर सुरू झाली. झेन ५ जूनमध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्समध्ये जाहीर झाला आणि ऑगस्टमध्ये हातात आला. म्हणजे स्टेजवरून दुकानात यायला किमान दोन महिने लागलेत. यंदा जानेवारीत डेस्कटॉप झेन ६ स्टेजवर नव्हता. आता नजर २ ते ५ जूनच्या कॉम्प्युटेक्सवर. तिथे नाव निघालं, तर शरद ऋतूची आशा धरायला जागा आहे. नाही निघालं, तर दिवाळीपूर्वीचा झेन ६ मनातून काढून टाकावा.

आणि गेमिंगवाल्यांनी एक गोष्ट विसरू नये: तुम्ही ज्याची वाट बघताय तो साधा झेन ६ नाहीच, त्याचा एक्स३डी आहे. ७००० मालिका (झेन ४) सप्टेंबर २०२२ मध्ये आली, ७८००एक्स३डी एप्रिल २०२३ मध्ये. ९००० मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये, ९८००एक्स३डी ७ नोव्हेंबरला. तीन ते सहा महिने त्यात मिळवा.

पहिल्या दिवशी घेण्याचंही दडपण नको. अ‍ॅरो लेक गेममध्ये सुरुवातीला अनेक ठिकाणी स्वतःच्याच चौदाव्या पिढीच्या मागे पडला आणि इंटेलला पुढचे महिने दुरुस्त्या द्याव्या लागल्या. झेन ५ च्या वेळी विंडोजमधल्या बदलानंतर आकडे सुधारले. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या व्होल्टेजचा गंभीर दोष तर बाजारात येऊन वर्ष-दोन वर्षं झाल्यावर, २०२४ मध्ये, मुळापर्यंत कळला. त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कोडच्या दुरुस्त्या) आले आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कुणाकडे तो प्रोसेसर असेल तर आधी बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, ०एक्स१२बी किंवा त्यापुढचा मायक्रोकोड आहे ना ते बघा, मग नव्याचा विचार करा.

सॉकेट: इथे इंटेल आणि एएमडी खरे वेगळे आहेत

माझ्या मते निर्णय महिन्यावर नाही, सॉकेटवर व्हायला हवा.

२०२० मध्ये मी बी४५० बोर्डावर रायझन ५ ३६०० बसवला होता. चार वर्षांनी त्याच बोर्डावर ५७००एक्स३डी टाकला. आधी पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट केलं, मशीन पंधरा मिनिटं चालवून कूलरखालची उष्णतावाहक पेस्ट गरम होऊ दिली, बंद केलं, मग कूलर सरळ न उचलता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवला. एएम४ या एएमडीच्या जुन्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि घाईने ओढलं तर कूलरला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो. नवी पेस्ट, कूलर परत, वायर जोडली. तासाभरात काम झालं. रॅम तीच, बोर्ड तोच, विंडोजही तीच. गेममधला फरक मला पहिल्याच संध्याकाळी दिसला. हा अनुभव घेतलेला माणूस सॉकेटचं आयुष्य फार गांभीर्याने घेतो.

एएमडीचं आत्ताचं सॉकेट एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि २०२७ व पुढेही ते चालवू, असा एएमडीचा जाहीर शब्द आहे. झेन ६ याच सॉकेटवर बसेल असं सगळं चित्र आहे. मात्र शब्द सॉकेटचा आहे, तुमच्या विशिष्ट बोर्डाचा नाही. २०२० मध्ये झेन ३ बी४५० वर चालणार नाही असं एएमडीने आधी सांगितलं होतं, लोकांनी ओरड केल्यावर ते बदललं. म्हणून बोर्ड घेताना सगळ्यात स्वस्त घेऊ नका. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते बघा, म्हणजे जुना प्रोसेसर नसतानाही नवं बायोस टाकता येतं. बायोसची चिप ६४ एमबीची मिळाली तर उत्तम. पुढच्या प्रोसेसरांना जागा लागेल म्हणून काही कंपन्या तशी देऊ लागल्यात.

इंटेलचं एलजीए १८५१ हे सॉकेट अ‍ॅरो लेकसोबत आलं आणि नोव्हा लेकला नवं सॉकेट लागणार, हे आता जवळपास सगळेच धरून चालतात. म्हणजे आज १८५१ चा बोर्ड घेतलात, तर पुढचा मोठा टप्पा त्यावर नाही. यात फसवणूक वगैरे काही नाही, फक्त हे माहीत असून घ्यायला हवं. जो माणूस पाच-सहा वर्षं डबा उघडतच नाही, त्याला याने काही फरक पडत नाही. आणि असे लोक खूप आहेत.

थांबण्याची किंमत: रॅम

एरवी मी 'थांबलात तर स्वस्त मिळेल' असं बिनदिक्कत सांगितलं असतं. यंदा नाही. एआयच्या डेटा सेंटरांसाठी लागणाऱ्या एचबीएम मेमरीकडे कारखान्यांची क्षमता वळली आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत डीडीआर५ (आजच्या पीसीत लागणाऱ्या रॅमचा प्रकार) चे भाव दुपटीच्या वर गेले. मायक्रॉनने डिसेंबरमध्ये क्रुशिअल हा ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पीसीच्या कोटेशनमध्ये पूर्वी रॅमची ओळ कुणी वाचतही नसे, आता सगळ्यांचं बोट तिथेच थांबतं.

एएम५ आणि १८५१ दोन्हींना डीडीआर५ च लागते, त्यामुळे रॅमच्या बाबतीत यांच्यात डावं-उजवं नाही. आज घेतलेली डीडीआर५ उद्या त्याच एएम५ बोर्डावर झेन ६ सोबत चालेल, हा फायदा मात्र खरा. ज्यांच्याकडे आधीच्या प्रकारची ३२ जीबी डीडीआर४ पडून आहे, त्यांनी बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डीडीआर४ बोर्डांकडे जरूर बघावं. चकचकीत नाही, पण पैसे वाचवणारा रस्ता आहे.

मग कुणी काय करावं

भाच्याला मी थांबू नकोस म्हटलं. बी८५० चा बरा बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ आणि रायझन ५ ९६००एक्स. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात, कारण १४४० पिक्सेलवर खेळताना अडतं ते तिथेच. २०२७ मध्ये झेन ६ चा एक्स३डी येऊन भाव उतरला की फक्त प्रोसेसर बदलायचा. ९८००एक्स३डी आजही गेमिंगसाठी उत्कृष्ट आहे, पण आत्ता तोच घेतला तर दोन वर्षांनी बदलायची गरजच वाटणार नाही आणि सॉकेटच्या आयुष्याचा फायदा वाया जाईल. एकदाच घेऊन विसरायचं असेल, तर तोच घ्यावा.

ज्यांच्याकडे आधीच रायझन ७००० किंवा इंटेलची बारावी ते चौदावी पिढी आहे, त्यांनी खुशाल थांबावं. त्यांचं काही अडलेलं नाही.

मावसभावाला मात्र मी इंटेल सुचवला, तोही आजचा. त्याचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या प्रकारात, रेकॉर्ड करतो. हे फुटेज उलगडण्याचं काम इंटेलच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक थेट हार्डवेअरमध्ये करतं. रायझनमधल्या ग्राफिक्सला ते जमत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ते आरटीएक्स ५० मालिकेपासून आलं आणि त्याच्याकडे जुनं कार्ड आहे. २० कोरचा कोअर अल्ट्रा ७ २६५के ३९४ डॉलरला आला होता, नंतर बराच उतरला. सॉकेट पुढे जाणार नाही हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "दादा, हे मशीन मी नऊ वर्षं वापरलं. सॉकेट कुणी बघितलंय?"

एप्रिल-मेचे मुहूर्त तोंडावर आहेत आणि मशीन साथ देत नाही म्हणून त्याने दोन ऑर्डर सोडल्यात. नोव्हा लेक कितीही चांगला निघाला, तरी तो या सीझनची लग्नं कापून देणार नाही. मी त्याला एवढंच बजावलं, की ट्रे पीस (बॉक्सशिवाय सुटा प्रोसेसर) दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नकोस. सीलबंद बॉक्स घे, बिलावर सिरियल नंबर लिहून घे, आणि बोर्डाचं बायोस दुकानातच ताजं करून माग. शनिवारी तो पुण्याला येतोय, भाच्याचे पार्ट्सही त्याच फेरीत आणू.